किनवटचा ठिपका

माझ्यासमोरच्या पडद्यावर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांचा नकाशा असतो आणि त्यावर एकेचाळीस ठिपके. ठिपका हिरवा असला की त्या गावचं इंटरनेट चालू, लाल झाला की बंद. आमच्या कंपनीच्या नांदेडच्या ऑफिसात जिन्याला वळसा घालून आत गेलं की एक बिनखिडकीची खोली लागते. तिथे एसीच्या गारठ्यात मी हे ठिपके बघत बसते. बाहेर मे महिना असला तरी माझ्या अंगावर शाल असते. याला पाच वर्षं झाली. घरी लातूरला आई नातेवाइकांना सांगते, "कॉम्प्युटरचं काम आहे." वडिलांचं गंजगोलाईत भांड्यांचं दुकान आहे, ते गिऱ्हाइकांना सांगतात, "बसून काम आहे." दोघांचंही बरोबर आहे.

लिहायची मला सवय नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. मधल्या सुट्टीत कुणी मराठी बोललं की मॉनिटर वहीत नाव लिहायची. माझं नाव त्या वहीत कधी आलं नाही, कारण मी मधल्या सुट्टीत बोलायचेच नाही. पुढे ती सवयच झाली. ऑफिसात मी मेल लिहिते, तेही इंग्रजीत, आणि फोन करायच्या आधी दोनदा विचार करते. तरीही या अंकासाठी मराठीत लिहायला होकार दिला, त्याला कारण आहे. ते कारण किनवटला राहतं.

आमच्या धंद्यात गमतीची गिऱ्हाइकं भेटतात, म्हणजे ऐकू येतात. अर्धापूरचे एक केळीवाले काका दर हंगामात तक्रार करायचे, "मॅडम, ट्रक गेला की नेट जातं." आम्ही हसायचो. शेवटी माणूस पाठवला, तर खरंच, केळीनं शिगोशीग भरलेला ट्रक त्यांच्या बोळात वळताना वरच्या केबलला घासून जात होता. किल्लारीच्या एका काकूंनी राउटरचा डबा भिंतीवर लावू दिला नाही. "डोक्यावर पडंल असं कायबी भिंतीला लावायचं न्हाई आमच्याकडं," असं म्हणाल्या. डबा जमिनीवर ठेवला. त्याची ऊब लागते म्हणून मांजर त्यावर निजायला लागली आणि डबा तापून बंद पडायला लागला. तक्रारीच्या रकान्यात 'कारण' म्हणून मला 'मांजर' लिहावं लागलं. सरांनी खुलासा मागितला होता.

पण हे घरातले छोटे डबे. मी जे बघते ते गावाच्या केंद्रावर लोखंडी कपाटात बसवलेले मोठे राउटर. त्यांचं काम समजून घ्यायचं तर एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी डोळ्यांपुढे आणावी. उदगीरची गाडी कुठे लागते, देगलूरची कुठे, हे खिडकीतल्या माणसाला पाठ असतं. गावातला प्रत्येक फोन, प्रत्येक संगणक चिठ्ठी घेऊन त्याच्याकडे येतो आणि तो मान वर न करता फलाटाकडे बोट दाखवतो. दिवसभर, न थकता.

या माणसाला निकामी करायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे खिडकीपुढे एवढी खोटी गर्दी करायची की खऱ्या प्रवाशाला पुढे सरकताच येऊ नये. दुसरा मार्ग मला जास्त विलक्षण वाटतो. एकच जण येतो आणि एकच असा वाकडा प्रश्न विचारतो की खिडकीतला माणूस बोट अर्धवट उचललेल्या अवस्थेत थिजून जातो. चोरी होत नाही, कुलूप तुटत नाही, कुणाचं गुपित बाहेर जात नाही. फक्त खिडकी बंद आणि अख्खं स्टँड उभं. आमच्याकडे याला डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणतात. सेवा नाकारली जाणं.

असा प्रश्न असू शकतो, कारण खिडकीतल्या माणसाला शिकवणाऱ्यानं तो कधी कल्पनेतच आणलेला नसतो. प्रत्येक राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा विसरलेल्या जागा सापडत राहतात. सापडली की राउटर बनवणारे एक सूचनापत्र काढतात: दोष काय, तो कुठल्या यंत्रांत आहे, किती गंभीर आहे, उपाय काय. ही सूचनापत्रं मी सकाळच्या चहाबरोबर वाचते. ऑफिसात दुसरं कुणी वाचत नाही. मला ती आवडतात. त्यांत कुणी कुणावर ओरडत नाही. 'यंत्र प्रतिसाद देणे थांबवते. पूर्ववत होण्यासाठी वीज बंद करून पुन्हा चालू करावी लागते.' एवढंच. माणसांबद्दल अशी पत्रं निघाली असती तर माझं बरंच सोपं झालं असतं.

गेल्या पावसाळ्याच्या आधी असंच एक पत्र आलं होतं. आमचे राउटर ज्या जातीचे आहेत, त्याच जातीबद्दल. नव्यानं जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला नेटवर एक पत्ता लागतो. काही ठिकाणी तो पत्ता राउटर स्वतःच वाटून देतो. तर अशा राउटरकडे कुणी चुकीच्या पद्धतीनं लिहिलेल्या चिठ्ठीनं पत्ता मागितला, की राउटर थिजतो. मी आमचा तक्ता उघडला. कुठल्या केंद्रावर काय चालू आहे, हे त्या तक्त्यात लिहिलेलं असतं. सगळ्या गावांना पत्ते नांदेडहून वाटले जातात, असं त्यात होतं. मी एकेचाळीस गावांपुढे 'लागू नाही' लिहिलं आणि चहा संपवला.

पावसाळा सरता सरता किनवट लाल व्हायला लागलं.

किनवटचा ठिपका नकाशाच्या वरच्या टोकाला आहे, बाकीच्यांपासून लांब. तिथवर आमची केबल काही अंतर रेल्वेच्या रुळांच्या सोबतीनं जाते आणि मग जंगलातून. केंद्र म्हणजे एका निवासी शाळेच्या वसतिगृहाच्या आवारातली कौलारू खोली. तिथे माणिकमामा असायचे. आधीची सगळी नोकरी त्यांनी टेलिफोनच्या तारा ओढण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर आमच्या केंद्राची राखण करत होते. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं.

"मामा, किनवट लाल आहे," मी पहिल्या दिवशी फोनवर म्हणाले.

"हाव. दिवे तर जळून राहिले म्याडम, पण चालंना."

"एकदा बंद करून चालू करा."

"केलं."

हा मोठा राउटर पुन्हा उभा राहायला चार मिनिटं घेतो. बाकीच्या केंद्रांवरची माणसं 'केलं' म्हणून फोन ठेवतात. मामा म्हणाले, "ठिवू नका. हिरवं झाल्यावर सांगा, तवर धरतो मी." त्यांचा तारांच्या दिवसांतला शिरस्ता असावा. जोड लागल्याचं पलीकडून कळल्याशिवाय खांबावरून उतरायचं नाही. त्या दिवशी आम्ही चार मिनिटं एकमेकांचा श्वास ऐकला. लांब कुठेतरी कावळा ओरडत होता. मग मी म्हणाले, "हिरवं झालं." मामा म्हणाले, "बरं."

तीन दिवसांनी परत लाल. या वेळी त्यांनी विचारलं, "जेवल्या का?" मी "हो" म्हणाले. पुढच्या वेळी विचारलं, "काय जेवल्या?" असं करत करत आठ-दहा वेळा किनवट पडेपर्यंत मामांना ठाऊक झालं होतं, की मी नांदेडात खोली घेऊन राहते, डब्यातलं वांगं मला आवडत नाही आणि माझ्या ऑफिसच्या खोलीला खिडकी नाही.

"खिडकी न्हाई? मंग वारं कुठून येतं?"

"एसी आहे ना मामा."

"ते वारं न्हाई म्याडम. ते नुसतं गार हाय."

तेव्हापासून ते मला बाहेरचं सांगायला लागले. आज सागाला फुलोरा आला. आज ढग आले आन् तसेच गेले. वानरं कौलावर बसून राहिली. एकदा म्हणाले, "थांबा, ऐकवतो," आणि त्यांनी फोन दाराबाहेर धरला. मला फक्त घरघर ऐकू आली. "ऐकलं का?" "हो." "मोर व्हता." मी मोर ऐकल्याचं कबूल केलं.

माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसायचं. खोलीवर दोन मुली सोबत असतात, त्या दर सहा महिन्यांनी बदलतात. भाजीवालीकडे मी बोट दाखवते, ती वजन करते. काही दिवस असे जात, की कामाशिवाय माझं जे काही बोलणं होई ते एवढंच, राउटर उभा राहीपर्यंतचं. हळूहळू असं झालं की तीन-चार दिवस किनवट हिरवंच राहिलं तर मला चुकल्यासारखं व्हायचं. राउटर पडावा असं वाटणारी मी या धंद्यातली बहुधा एकटीच. तो का पडतो, हे शोधायला मी जो वेळ लावला त्याचं दुसरं काही कारण मला सापडत नाही. तेव्हा मी स्वतःला सांगत होते, की जंगलातली वीजच तशी.

मग एका सोमवारच्या मीटिंगमध्ये सरांनी पडद्यावर किनवटची नोंद लावली. राउटर उभा राहिला की तो का बंद झाला होता याची एक ओळ लिहून ठेवतो. थिजलेल्या राउटरला आपण थिजलो होतो हे आठवत नाही. त्याला शेवटची गोष्ट तेवढी आठवते. त्यामुळे प्रत्येक ओळ एकच होती: वीज बंद, वीज चालू.

"हा मामा प्लग काढतोय," सर म्हणाले. "मागं एका केंद्रावरचा राखणदार आपल्या यूपीएसवर शेगडी लावून भात शिजवत होता, आठवतं का? हाही तसलंच काहीतरी करतोय. नाहीतर हाच राउटर अर्धापूरला, किल्लारीला बरा कसा चालतो? तिथं नाही पडत, इथंच पडतो."

"वय झालं असेल सर," कुणीतरी म्हणालं. "झोपेत पाय लागत असेल."

सगळे हसले. सर म्हणाले, "या महिन्याअखेर त्यांना मोकळं करू. तिथं दुसरा माणूस बघा. आणि का काढलं ते स्पष्ट लिहा कागदावर."

माझ्या हातात चहाचा कागदी कप होता. मी त्याची कड सोलत होते. नोंदीत मामांचा हात दिसत होता. 'बंद करून चालू करा' म्हणणारा माझा आवाज नोंदीत कुठेच नव्हता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते मनात मराठीत जुळवलं, मग इंग्रजीत, तोवर पुढचा विषय निघाला होता.

जागेवर आल्यावर मी सरांना सहा परिच्छेदांचा मेल लिहिला. मुद्देसूद. सरांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यांनी तो वाचला नव्हता, हे मला नंतर कळलं. पण खरं सांगायचं तर त्या मेलमध्ये सुद्धा 'मामांचा दोष नसावा' एवढंच होतं. मग दोष कशाचा, हे मला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनवट लाल झालं. मी फोन लावला. मामांनी बंद करून चालू केलं आणि फोन धरून थांबले. मी म्हणाले, "मामा, राउटर पडतो तेव्हा आजूबाजूला काही होतं का? काहीही?"

"लिवून ठिवलंय की समदं."

"कशात?"

"वहीत. तार तुटली की आम्ही लिवायचो. कुठं तुटली, वारं कसं व्हतं, कोण फिरत व्हतं. ते तुटल्या जागी कळत न्हाई म्याडम, आजूबाजूला बघावं लागतं."

"वाचा ना."

चष्मा शोधण्यात एक मिनिट गेलं. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली, शाळेत धडा वाचावा तशी. "सोमवार. वारं न्हाई. वानरं दोन. मोटार बंद झाली, मंग पडला. गुरुवार. आभाळ. वार्डन गावाला. मोटार बंद झाली, मंग पडला. शनवार. पाऊस. टाकी वाहून राहिली व्हती, मोटार उशिरा बंद केली. मंग पडला."

"कुठली मोटार, मामा?"

"वसतिगृहाची. पानी चढवायची. मला वाटायचं, तिचा झटका बसत असंल यंत्राला."

ठिपका कधीच हिरवा झाला होता. मी सांगितलं नाही. "मग हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई," मामा म्हणाले. रागानं नव्हे, सरळच. "तुमी म्हनल्या बंद करा, मी बंद केलं."

विजेचा झटका असता तर यूपीएसनं तो नोंदवला असता, आणि मोटार बंद झाल्यावर कसला झटका? मी विचारलं, मोटार बंद केल्यावर कुणी काही करतं का. "करत न्हाई कोनी," मामा म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं. "अंगठ्याचं मशीन लावत्यात तेवढं. पोरांच्या हजेरीचं. नवीन आलंय. दोन्हीला एकच बोर्ड हाय ना, मोटार लावायची तर मशीनचा प्लग काढत्यात, टाकी भरली की परत लावत्यात."

मी शाल खुर्चीवर टाकली. हजेरीचं मशीन चालू झालं की ते आधी काय करतं? पत्ता मागतं. कुणाकडे मागतं? तक्त्याप्रमाणे नांदेडकडे. मी पहिल्यांदाच तक्ता बाजूला ठेवला आणि थेट किनवटच्या राउटरमध्ये जाऊन पाहिलं. तो स्वतः पत्ते वाटत होता.

"मामा, आमचे कुणी इंजिनिअर तिथे येऊन काही बदलून गेले होते का? मी यायच्या आधी?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "हाव. हे काय, पहिल्याच पानावर हाय. 'नांदेडची तार सारखी तुटते म्हनून पत्ते हितूनच वाटायचे केले.' ते साहेब बोलले तसं लिवलं मी. चुकलं का काही?"

"नाही मामा," मी म्हणाले. "तुमचं नाही चुकलं."

ते साहेब तक्त्यात लिहायला विसरले होते, एका राखणदारानं मात्र लिहून ठेवलं होतं. आणि मी इंग्रजी तक्त्यावर विश्वास ठेवून 'लागू नाही' लिहिलं होतं. एक फोन करायचा होता. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं जिवावर येतं म्हणून मी तो केला नव्हता.

खात्री करायला हवी होती. मी मामांना म्हणाले, "वसतिगृहात जाऊन त्या मशीनचा प्लग काढायला सांगा. मी सांगितलं की लावायला लावा." ते फोन घेऊन चालत गेले. पायांखाली पाचोळा वाजत होता. मग त्यांचा आवाज, "ओ बाई, जरा त्ये अंगठ्याचं काढा. काहून म्हंजे? नांदेडच्या म्याडम हायेत फोनवर. काढा म्हन्ते ना." पलीकडून एक बाई म्हणाली, "तुमच्या म्याडमला सांगा, पोरांचे अंगठे राहिलेत अजून." मग मामा मला म्हणाले, "काढलं."

"आता लावा."

मी नकाशाकडे बघत होते. एक श्वास, दोन श्वास. किनवट लाल झालं.

"पडला का?" मामांनी विचारलं.

"पडला!"

"पडला म्हन्ते!" मामा तिकडे त्या बाईंना म्हणाले, जणू काही जिंकल्यासारखं. आम्ही दोघं हसलो. मी ऑफिसात मोठ्यानं हसले तेव्हा दारातून जाणाऱ्या शिपायानं आत डोकावून पाहिलं. कुणी हल्ला केला नव्हता, कुणाचा वाईट हेतू नव्हता. एका साध्या हजेरीच्या यंत्राला अर्ज नीट लिहिता येत नव्हता आणि आमच्या एवढ्या मोठ्या राउटरला ते सोसत नव्हतं. यंत्र तीनदा विचारायचं, उत्तर नाही आलं की गुपचूप जुना पत्ता वापरायला लागायचं. म्हणून राउटर पुन्हा उभा राहिला की सगळं जागच्या जागी.

या वेळी मी मेल लिहिला नाही. सरांच्या केबिनचं दार ढकललं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, "सर, किनवटला मामांचा दोष नाही. मीच त्यांना बंद करायला सांगायचे. आणि सूचनापत्र आलं होतं, ते मी नीट तपासलं नाही. माझी चूक आहे."

सरांनी चष्मा काढला. "आधी बस, शिवलीला." मी सगळं सांगितलं, वहीसकट. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "एवढं बोलता येतं तुला. मग सोमवारी का नाही बोललीस?" मामांना काढायचा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला.

पुढच्या रविवारी दुपारी, वसतिगृहातली मुलं जेवून पडलेली असताना, मी किनवटच्या राउटरवर नवीन सॉफ्टवेअर चढवलं. म्हणजे खिडकीतल्या माणसाला तो वाकडा प्रश्न ओळखायला शिकवलं. त्या दिवशी मामांना शेवटचं बंद करून चालू करायला लावलं. हिरवं झाल्यावर त्यांनी मशीनचा प्लग तीनदा काढायला लावला, तीनदा लावायला लावला. ठिपका हलला नाही.

"म्हंजे आता बंद न्हाई करावं लागनार?"

"नाही मामा."

"बरं झालं," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "बरंच झालं की."

राहिला होता अहवाल. इंग्रजीत लिहायचा, म्हणजे माझ्या हातचा मळ. दोष, कारण, उपाय. मामांच्या वहीचा उल्लेख मी मुद्दाम केला. पण शेवट मला भारदस्त हवा होता. मी लिहिलं, की या सुधारणेनंतर किनवट केंद्रावर कुणी प्रत्यक्ष हजर असण्याची गरज उरलेली नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि पाठवलं.

वरच्या लोकांनी त्या अहवालातलं तेवढं एकच वाक्य वाचलं.

महिनाभरात किनवटची राखणदाराची जागा रद्द झाली. मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "आता त्यांच्यावर कसलाही ठपका नाही. जागाच राहिली नाही. तूच लिहिलंयस ना?" मी म्हणाले, मला तसं म्हणायचं नव्हतं. ते म्हणाले, "मग कसं म्हणायचं होतं?" मी दोन पत्रं लिहिली, केबिनचं दार आणखी दोनदा ढकललं. ते दरवेळी 'आधी बस' म्हणाले, निर्णय बदलला नाही.

शेवटच्या दिवशी मामांचा फोन आला. ठिपका हिरवा असताना आलेला त्यांचा तो पहिला फोन.

"चावी दिली म्याडम. वही पन दिऊन टाकू का?"

"वही तुमच्याकडेच ठेवा."

"बरं." मग म्हणाले, "मला कळलं, आधी मला कसं काढनार व्हते ते. माझ्या नावाला बट्टा न्हाई लागला, ते तुमच्यामुळं. येवढं कोन करतं?"

मी "बरं" एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं असेल, पोरगी मुळातच कमी बोलते.

आता किनवट हिरवं असतं. आमच्या वार्षिक आढाव्यात सगळ्यात कमी तक्रारींचं केंद्र म्हणून त्याचं नाव आलं आणि माझंही. सूचनापत्रं येतात, ती मी वाचते आणि आता तक्त्यावर विसंबत नाही. प्रत्येक केंद्राला फोन करून विचारते. माणसं 'न्हाई, तसलं काही न्हाई' म्हणतात आणि फोन ठेवतात.

ते वाक्य मी लिहिलं होतं, हे मी मामांना सांगितलेलं नाही. इंग्रजीत ते त्यांच्यापर्यंत कधीच पोचलं नसतं. मराठीतलं मात्र ते सगळं वाचतात, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून हे इथे लिहिलं. मामा, ते वाक्य माझं होतं.

परवा, हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हा, दुपारी ऑफिसचा फोन वाजला.

"म्याडम, वळखलं का? घरचा डबा लाल हाय."

नोकरीसोबत मिळालेलं मामांच्या घरचं कनेक्शन कंपनीनं तसंच ठेवलंय. घरांचे ठिपके माझ्या नकाशावर नसतात, पण यादीत नाव शोधलं की दिसतं. मला शोधावं लागलं नाही, ती यादी उघडीच होती. त्यांचं कनेक्शन हिरवं होतं. सकाळपासून हिरवं, कालपासून हिरवं, गेला सगळा आठवडा हिरवं.

"कधीपासून लाल आहे?" मी विचारलं.

"सकाळधरनं."

"बंद करून चालू करा, मामा."

"केलं," ते म्हणाले. यादीतला हिरवा रंग हलला नव्हता. त्यांनी बटणाला हातही लावला नव्हता. "चार मिन्टं लागतील ना?"

घरचा डबा एका मिनिटाच्या आत उभा राहतो.

"हो, चार लागतील," मी म्हणाले. "ठेवू नका फोन. तिकडे वारं कसं आहे?"